नवरीच्या गाडीचं डावं चाक

सुकदेवकडं हवा भरायला जायचं म्हणजे आधी शिव्या खायची तयारी ठेवायची. सुरतेच्या नवागामात, डिंडोलीकडं रस्ता वळतो तिथं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. मी उखा. स्वतःची अॅम्बेसिडर भाड्यानं चालवायचो. सुरत-नंदुरबार, सुरत-धुळे, गिऱ्हाईक म्हणेल तिकडं. माझ्याही तोंडाचा पट्टा काही कमी नाही, माझी बायको सांगेल तुम्हाला. पण सुकदेवपुढं मी गप्प. गाडी लावली की तो माझ्याकडं बघायचाच नाही. सरळ पुढच्या चाकाशी उकिडवा बसायचा, टायरवरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, "आतल्या अंगानं खाल्लाय. पुढचे मागं कधी टाकले होते?"

"आता दिवाळीत तर टाकले," मी म्हणायचो.

"कुठल्या दिवाळीत?"

घ्या! ह्या माणसाला काय उत्तर देणार?

मग सुरू व्हायचं त्याचं. पुढच्या टायरांना वळणाचा मार, मागच्यांना वजनाचा. एकाच जागी ठेवले तर एकेक बाजूनं झिजून बाद होतात. म्हणून अधूनमधून मागचे पुढं घ्यायचे, डावे उजवीकडं टाकायचे, आणि डिकीत झोपलेल्या स्टेपनीलाही बाहेर काढून कामाला लावायचं. हवा भरायची ती सकाळी, टायर थंड असताना. दुपारी तापलेल्या डांबरावरून गाडी आणून हवा मोजायला सांगणाऱ्यांचा त्याला फार राग. "जा, सावलीत लाव, बिडी ओढ, मग ये," म्हणून परत पाठवायचा. एक डबा भरून ट्यूबच्या वॉलची टोपणं ठेवली होती त्यानं. ज्याच्या वॉलला टोपण नसेल त्याला स्वतःच्या हातानं एक बसवून द्यायचा, आणि वर दोन शब्द सुनवायचा.

आणि एक सांगायचा, ज्याला त्याला सांगायचा, की नवा टायर घेऊन जपून ठेवू नका. "रबर आहे बाबा, सोनं नाही. चाललं तर टिकतं. नुसतं पडून राहिलं तर आतून वाळतं, कडक होतं, आणि ऐन वेळेला फुटतं." हे मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

पण बोलणं एवढंच. टायरबद्दल विचारा, दिवसभर बोलेल. "कसा आहेस, जेवलास का," विचारा, तोंडाला कुलूप. नवागामात तेव्हा एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं राहायची. लूमवरची पोरं, एक पाळी झोपून उठली की त्याच गोधडीत दुसरी पाळी येऊन पडायची. सुकदेव मात्र दुकानामागच्या खोलीत एकटा. लोक म्हणायचे, "चैन आहे बुवा त्याची, अख्खी खोली एकट्याला!" चैन! दुपारी खानावळीचा डबा उघडून तो दुकानाच्या दारात बसायचा ना, तेव्हा रस्त्याकडं तोंड करून बसायचा. का तर समोरून कुणी जाताना दिसावं. मी एकदा त्याच्या शेजारी माझा डबा घेऊन बसलो, तर हा बाबा अवघडून गेला. जेवताना कुणी जवळ असलं की काय करायचं ते विसरलाच होता तो.

चौऱ्याण्णव साली प्लेग आला, तोंडाला रुमाल बांधून सगळी सुरत पळाली, तेव्हाही हा इथंच. आम्ही गाड्या भरभरून माणसं खानदेशात नेऊन सोडली. मी त्याला म्हटलं, "चल रे बाबा, बस गाडीत." तो म्हणाला, "गावाला कोण आहे माझं?" परत आलो तर रस्ता सुनसान, सगळ्यांची शटरं खाली, आणि हा गडी दुकानासमोर बसून शेजारच्या भाजीवाल्याच्या लारीची, म्हणजे हातगाडीची, चाकं खोलतोय! भाजीवाला पळालेला. गाडी एक येत नाही, हाताला काम नाही, म्हणून ह्यानं लारीचीच मागची चाकं पुढं आणि पुढची मागं टाकली. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्याची बायको मंदा काविळीनं गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. स्वाती नाव. टायरच्या दुकानात, रस्त्याच्या कडेला, एकटा बाप चार वर्षांची पोर कशी वाढवणार? सुकदेवचा मोठा भाऊ बळीराम बारडोलीला साखर कारखान्यात कामाला. तो आणि त्याची बायको शांताबाई आले आणि पोरीला घेऊन गेले. आणि चांगलं वाढवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. स्वतःच्या पोरांत आणि तिच्यात फरक केला नाही. स्वाती त्यांना मोठे बाबा, मोठी आई म्हणायची. सुकदेवला अण्णा.

रविवारी सुकदेव बारडोलीला जायचा. मी त्या बाजूला निघालो असलो तर माझ्याच गाडीतून. तिथं गेला की ओट्यावर बसायचा. पोर पाणी आणून द्यायची.

"शाळा?" हा विचारायचा.

"चाललीय."

"हं."

झालं, बापलेकीचं बोलणं संपलं! मग हा उठून बळीरामच्या स्कूटरच्या टायरला अंगठा दाबून बघायचा. स्क्रू-ड्रायव्हरनं नक्षीत अडकलेले खडे काढत बसायचा. पोर दारात उभी राहून बघायची. आणि परत येताना, कडोदरा येईपर्यंत माझं डोकं खायचा. "वेणी लांब झाली रे तिची. चालते अगदी मंदासारखी. हसली तेव्हा बघितलंस का?"

"अरे मग हे तिला बोल ना!" मी ओरडायचो. "मला काय सांगतोस? मी काय तिची वेणी घालायला जातो का?"

"मी काय बोलणार तिला," तो म्हणायचा. "आठवड्यातून एकदा येणारा माणूस मी."

मला राग यायचा त्याचा. भयंकर राग यायचा. पण काचेतून बाहेर बघत बसलेल्या त्या माणसाला जास्त बोलवायचं नाही.

एकदा दुकानाच्या माळ्यावर जुनी ट्यूब शोधायला मी चढलो, तर कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी. सोडून बघतो तर कोरा टायर. अॅम्बेसिडरला बसणारा, नक्षीवरची रबराची केसं सुद्धा जशीच्या तशी. मी म्हटलं, "सुकदेव, लबाडा, मला घासलेल्यावर फिरवतोस आणि हा इथं लपवून ठेवलास? काढ, माझ्या गाडीला घाल."

असा धावत आला! माझ्या हातातून हिसकावूनच घेतला. "ह्याला हात लावायचा नाही. हा स्वातीच्या लग्नाच्या गाडीला."

स्वाती तेव्हा आठवीत होती. आठवीत!

"येडा शे का तू?" मी आपल्या अहिराणीत म्हटलं. "तूच सगळ्यांना सांगतोस ना, ठेवलेलं रबर मरतं म्हणून?"

तो गोणपाट परत बांधत राहिला. "लोक पोरीसाठी सोनं करून ठेवतात," तो म्हणाला. "ते दादा-वहिनी करतील. मला टायरमधलं कळतं, मी टायर ठेवला." आणि वर नेऊन ठेवला, त्या पत्र्याच्या छपराखाली, जिथं उन्हाळ्यात दुपारी हात लावला तर चटका बसतो. मी परत कधी तो विषय काढला नाही. म्हटलं, विसरेल.

तो कसला विसरतोय!

सत्त्याण्णवच्या मेमध्ये स्वातीचं लग्न ठरलं. मुलगा नंदुरबारचा, विकास, नोकरी पक्की, मुलगा शांत. बळीराम सांगायला दुकानात आला तेव्हा मी तिथंच होतो. लग्न डिंडोलीच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलवर, करू, सगळे नातेवाईक इकडेच आहेत, म्हणाला. सुकदेव ऐकत होता. मग हात पुसून उभा राहिला आणि, मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पहिल्यांदाच त्याला काही मागताना ऐकलं. "दादा, कन्यादान मला करू दे."

बळीराम माणूस वाईट नाही. त्याचाही चेहरा पडला. "सुकदेव, कन्यादानाला जोडीनं बसावं लागतं रे. तू एकटा. भटजी काय म्हणतील, व्याही काय म्हणतील? मी आणि तुझी वहिनी बसू."

"मग हळद?"

"ते बायकांचं."

"मग मी काय करू? मन्ही पोर शे ती, दादा. एक तरी गोष्ट माझ्या हातानं होऊ दे."

बळीरामनं इकडं तिकडं बघितलं, माझी गाडी दिसली. "तू गाड्यांचं बघ," तो म्हणाला. "नवरीची गाडी तुझ्याकडं."

मला इतका संताप आला! बापाला गाड्यांचं बघ म्हणून सांगतात? पण सुकदेवचं तोंड उजळलं होतं. त्याच्या डोक्यात माळ्यावरचा टायर फिरायला लागला होता, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं म्हणा. नवरीची गाडी म्हणजे माझी अॅम्बेसिडर, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेलो तर हा आंघोळ करून, नवा सदरा खुंटीला टांगून, बनियनवर तयार. पाचही चाकं खोलली. मागचं एक चांगलं उजव्या बाजूनं पुढं घेतलं, तिथलं झिजलेलं मागं टाकलं. स्टेपनीच्या रिमवरचा गोटा झालेला टायर काढून तिथं तो माळ्यावरचा चढवला आणि ते चाक लावलं पुढं, डाव्या बाजूला. त्या जागेचं जुनं चाक डिकीत गेलं. डावीकडंच का, तर पूजा त्याच चाकाची होते.

ही पूजा आपल्याकडं नव्हती. सुरतेत राहून आपल्या बायकांनी गुजरात्यांकडून उचलली. नवरी गाडीत बसली की तिची आई पुढच्या चाकावर पाणी शिंपते, कुंकू लावते, चाकाखाली नारळ ठेवते, आणि गाडी तो नारळ फोडून निघते. इकडं त्याला पैडुं सिंचवानुं म्हणतात.

सुकदेवनं त्या टायरला काळं पॉलिश मारलं, एकदा मारून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा. चकाकायला लागला. मी आपला खांबाला टेकून उभा. म्हटलं, "काय रे, किती वर्षं झाली ह्याला?"

"अजून रस्ता बघितला नाही त्यानं."

"ते नाही विचारलं मी."

"नवा आहे रे!" असा खेकसला अंगावर, आणि लगेच पाठ फिरवून हवा बघायला लागला. हा माणूस ट्रकवाल्यांना टायरची उमर नुसत्या वासावरून सांगायचा, बरं का! म्हटलं, जाऊ दे, त्याला कळतं माझ्यापेक्षा. लग्नाच्या दिवशी तोंड कशाला वाजवा.

लग्न भर दुपारचं. वाडीत ही गर्दी. कन्यादानाची वेळ झाली, बळीराम आणि शांताबाई पाटावर बसले. बघतो तर सुकदेव कुठं नाही. बाहेर आलो. हा माझ्या गाडीजवळ, उन्हात, त्या डाव्या चाकावरची धूळ रुमालानं पुसतोय. नवा सदरा, डोक्याला टोपी, पायांत नव्या चपला.

"आत चल की, तुझ्या पोरीचं लग्न लागतंय."

"ऐकू येतंय इथूनही," तो म्हणाला.

आतून भटजीचे मंत्र माइकवरून येत होते. मधेच बळीरामचं नाव आलं, शांताबाईचं नाव आलं. सुकदेव पुसत होता. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि देवाला, भटजीला, बळीरामला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसरं काय करणार?

उन्हं थोडी कलली आणि पाठवणी निघाली. रडारड झाली, स्वाती शांताबाईच्या गळ्यात पडली, बळीरामच्या पाया पडली. सुकदेवच्या पाया पडली तेव्हा हा दोन पावलं मागंच सरकला. डोक्यावर हात ठेवायला उचलला तोवर ती उठली होती. मग तिला मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसवली, ओटीचं सामान मांडीवर. शेजारी विकास, पलीकडं त्याची म्हातारी आत्या. मी स्टिअरिंगवर.

शांताबाई पाण्याची लोटी घेऊन पुढं आली. चाकावर पाणी शिंपलं, कुंकू वाहिलं, परत पाणी घातलं. वाकून नारळ ठेवला. सगळे बाजूला झाले. मी गियर टाकणार, तेवढ्यात सुकदेव खाली वाकला. चाकाकडं बघत राहिला. मग उठून बॉनेटवर जोरात हात आपटला. "थांब!"

मी उतरून आलो. काय झालं बघायला मीही वाकलो. कुंकवाचं पाणी टायरच्या अंगावरून ओघळलं होतं, आणि पॉलिशखालच्या बारीक बारीक भेगांत शिरून लाल लाल रेघा उमटल्या होत्या. रिमपासून नक्षीपर्यंत नुसतं जाळं. टायर वाळून खडंग झालेला. मेचं ऊन, सोनगडचा रस्ता, गाडीत चार माणसं, आणि हे पुढचं चाक! फुटलं असतं तर गाडी सरळ झाडावर.

त्या रेघा काय आहेत हे तिथं फक्त दोघांना कळत होतं, मला आणि त्याला. तो काही बोलला नसता तर पूजा झाली होती, गाडी निघत होती. त्याच्या हातचं तेवढं एकच होतं त्या लग्नात.

"टायर खराब आहे," सुकदेव मोठ्यानं म्हणाला. "बदलावा लागेल."

झाला गलका. पूजा झाल्यावर गाडी थांबवतात का? अपशकुन! विकासचे वडील म्हणाले, "अहो, लेकीला जाऊ द्यायचं नाही का तुम्हाला?" कुणीतरी म्हणालं, सकाळी तर चांगला होता. बळीराम घामानं निथळत पुढं आला. "सुक्या, लोक बघताहेत. कोणी टाकला हा टायर?"

"मी."

"खराब आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," सुकदेव म्हणाला. "जुना आहे. माळ्यावर ठेवला होता. मला कळत होतं आणि मी टाकला."

सगळ्या मांडवासमोर हे बोलला तो. बायकांत कुजबुज सुरू झाली, पोरीच्या गाडीला म्हणे जुना टायर घातला, बाप आहे की कोण आहे. मला वाटलं एकेकाला धरून सांगावं. पण त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, डिकी उघडून जॅक काढला.

विकास उतरला, आत्याबाई कुरकुरत उतरल्या. स्वाती उतरायला लागली तशी आत्याबाईंनी दार धरलं. "नवरी उतरायची नाही. ओटी भरून गाडीत बसली, आता पाय सासरच्या अंगणातच टेकायचा. उतरली तर आम्ही घेऊन जाणार नाही, सांगून ठेवते."

आता आली का पंचाईत! माणूस आत बसलेलं असताना जॅक लावायचा नाही, हा सुकदेवचा कायदा. एका टेम्पोवाल्यानं बायकोला आत ठेवून गाडी उचलायला सांगितली होती, तर त्याला हाकलून दिलं होतं त्यानं. सुकदेवनं एकदा आत्याबाईंकडं बघितलं, एकदा खिडकीत बसलेल्या स्वातीकडं. मग वाडीच्या भिंतीकडच्या विटा आणून मागच्या चाकांना अडकवल्या. दुसरं चाक डिकीतून काढून गाडीच्या पोटाखाली सरकवलं, जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर टेकावी म्हणून. नट आधी जमिनीवरच ढिले केले. नारळ उचलून बाजूला ठेवला. मग जॅक लावला आणि नव्या सदऱ्यानं रस्त्यावर गुडघे टेकले.

"बाळ," तो म्हणाला, "हलू नको हं."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तिच्यासाठी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"नाही हलत, अण्णा," आतून स्वाती म्हणाली.

गाडी उचलायला लागली. दांडा एकदा दाबायचा, वर काचेकडं बघायचं. परत दाबायचा, परत बघायचं. असं जॅक मारताना त्याला कधी बघितलं नाही मी. एरवी बोलता बोलता गाडी वर घ्यायचा. गलका आपोआप कमी झाला. गाडीची डावी बाजू हळूहळू वर गेली, आत नवरी मुंडावळ्यांसकट एका अंगाला कलली, एका हातानं सीट धरून, आणि बाहेर खाली हा. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही त्यानं हात सोडला नाही.

चाक काढलं. पोटाखालचं माझं जुनं, झिजलेलं पण रोज चालणारं चाक काढून चढवलं. समोरासमोरचे नट आवळले, एक इकडचा, एक तिकडचा. आणि गाडी खाली आणताना इतकी सावकाश आणली की ती कधी टेकली हे कळलंच नाही. मग हाताला काळं लागलेलं ते बघून तो खिडकीपासून लांब उभा राहिला.

शांताबाई लोटी शोधायला लागली, परत पूजा करू म्हणाली. विकासच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. "राहू द्या आता, पुष्कळ झालं." नारळ बाजूला पडला तो तसाच राहिला. सगळे बसले. मी सुकदेवकडं बघितलं. तो म्हणाला, "नीट ने." दुसरं काही नाही. आरशात दिसत होतं, सगळी माणसं जेवायला आत वळली आणि हा एकटा त्या टायरजवळ उभा.

सगळ्या रस्त्यात माझं डोकं फिरलेलं. गाडी चालवत होतो आणि परत गेल्यावर सुकदेवला काय काय बोलायचं ते ठरवत होतो. माझी गाडी, माझा जीव, तुझीच पोर, आणि तू मला नवा म्हणून सांगतोस? सोनगडला चहाला थांबलो. सगळे उतरले. स्वाती उतरेना. विकास म्हणाला, "उतर ग, तोंडावर पाणी मार." ती नको म्हणाली. मग आत्याबाईच म्हणाल्या, त्यांनाही आता दया आली असावी, "अग, ते मी तिथं म्हटलं. रस्त्यात उतरलीस तर चालतं. कुणी बघत नाही इथं."

स्वाती जे बोलली ते मी ऐकलं. हातातला चहा तसाच राहिला माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरतेत परत आलो. घरी गेलोच नाही, सरळ नवागामला. सुकदेव दुकानात बसला होता, तोच सदरा, गुडघ्यांना काळं. समोर तो टायर. मी गाडीतून उतरलो आणि सुटलो. ठरवलेलं सगळं बोललो, न ठरवलेलंही बोललो. शेजारचे बाहेर येऊन बघायला लागले. त्यानं मान वर केली नाही.

मी थकलो तेव्हा त्यानं विचारलं, "पोचली?"

"पोचली."

"माझ्यावर रागावली असेल."

"सोनगडला सगळे उतरले, ती नाही उतरली," मी म्हटलं.

"का? बरं नव्हतं तिला?"

"आत्याबाई म्हणाल्या, उतर, चालतं. तर ती म्हणाली," मी सांगितलं. "म्हणाली, मला अण्णांनी कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. आज सगळ्यांसमोर उचललं. आता घर येईपर्यंत मी खाली पाय ठेवणार नाही."

सुकदेव माझ्याकडं बघत राहिला. बाहेर एक रिक्षावाला हवा भरायला येऊन उभा होता, हॉर्न वाजवत होता.

"परत सांग," सुकदेव म्हणाला.

मी परत सांगितलं. आणि मग तो माणूस रडला. लपवलं नाही, तोंडावर हात नाही, काही नाही. मंदा गेली तेव्हाही असा रडला नव्हता. मी रिक्षावाल्याला हातानं खूण केली, जा म्हणून.

बऱ्याच वेळानं त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. जवळ सरकून बसला.

"उखा," तो म्हणाला, "अजून एकदा सांग."